सात इसा मेंढरं

दौंडच्या दवाखान्यातून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घरी न्यायचं ठरलं, त्या सकाळी मी देवावर रुसलेला होतो. हे आधीच कबूल करतो, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटायचं की मी मोठा भक्त आहे. भक्त होतो, पण नेमाचा आणि जरा घमेंडीचा. रोज अकरा माळा जप, रविवारी खंडोबाला भंडारा, मार्गशीर्षात सहा दिवसांचा घट, सगळं जिथल्या तिथं. रांजणगावच्या एका कारखान्यात माझं काम तपासणीचं. आलेला भाग मापात बसतो का ते बघायचं, नाही बसला तर लाल खूण करून बाजूला काढायचा. देवाशीही माझं वागणं त्याच चालीचं होतं. माझं काम मी मापात केलंय, आता तुझं तू कर.

आणि देवानं काय केलं, तर आबांची आठवण हळूहळू पुसत नेली. गावात म्हातारचळ म्हणायचे, दवाखान्यात डिमेन्शिया म्हणाले. आई गेल्यावर थोडा बदल म्हणून ते दौंडला माझ्या थोरल्या बहिणीकडं, अक्काकडं राहायला गेले होते. एका संध्याकाळी मेंढरं हुडकायला म्हणून बाहेर पडले, ते रेल्वेच्या वसाहतीमागच्या चरीत सापडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. हाड जुळेल, आठवण जुळणार नाही. दीड महिना पायावर भार द्यायचा नाही, पुन्हा पडले तर दुसरी शस्त्रक्रिया त्यांना झेपणार नाही. चोवीस तास माणूस लागेल. घरी कोण आहे, असं त्यांनी विचारलं आणि मी नुसताच पिशव्या आवरत राहिलो.

अक्कानं पुण्याच्या पलीकडच्या, अशा म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या एका संस्थेची चौकशी करून ठेवली होती. अर्जही आणला होता. अक्का वाईट नाही, तिनंच इतके दिवस दवाखान्यात उशाशी काढले होते. पण ती व्यवहाराची. जीपमध्ये आबांना आडवं करून आम्ही निघालो तेव्हा ती खिडकीशी आली.

"चंपाषष्ठीला मी येते. तवर जमलं तर ठीक, न्हाई तर तिथं पोचवू. रडत बसायचं न्हाई," ती म्हणाली.

मी मान हलवली. आईनं जाताना माझ्याकडून एकच वचन घेतलं होतं, ह्यांना परक्या दारात ठेवू नको. ते अक्काला ठाऊक नव्हतं. न्हावऱ्यावरून शिरूर, शिरूरवरून कवठे येमाई, असा सगळा रस्ता आबा माझ्या मांडीवर डोकं ठेवून वरच्या ताडपत्रीकडं बघत होते. घोडनदी ओलांडताना म्हणाले, "पाणी कमी हाय, उतरंल कळप." त्यांच्या डोळ्यांपुढं कुठली नदी होती कोण जाणे.

घरी घट बसला आणि माझी व्यवस्थाही बसली. कंपनीतून आठ दिवसांची रजा काढली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी तासवार नावं लिहिली. सकाळी माझी बायको कमल, दुपारी मी, वरकामाला गावातली एक बाई. ती बाई दुसऱ्याच दिवशी आबांनी पाण्याचा तांब्या भिरकावल्यावर आली तशी गेली. तिलाही काय दोष द्यायचा. दिवसभर आबा शांत असायचे. पायाला मालीश करून घ्यायचे, भाकरी दुधात कुस्करून दिली की खायचे. पण उन्हं कलली, अंगणातल्या बाभळीची सावली उंबऱ्याला टेकली की त्यांच्या अंगात काहीतरी जागं व्हायचं. बोटं चादरीवर काहीतरी मोजू लागायची. मग ते कोपरावर उठायला बघायचे.

"एक कमी हाय. सोड मला, एक कमी हाय."

आमचं घराणं मेंढपाळांचं. आबांचं अर्धं आयुष्य कळपामागं चालण्यात गेलं. दिवस मावळताना मेंढरं जाळ्याच्या कुंपणात, वाघरात, घ्यायची आणि घेताना मोजायची. जुनी माणसं विसाविसांनी मोजत, विसाला इसा म्हणत. आबांची सात इसा होती. मोजणी भरल्याशिवाय घरातलं कोणी जेवायला बसायचं नाही. मी कंपनीत चिकटलो तेव्हा मागं फिरायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी सगळा कळप विकला.

आता मला चूक दिसली की गप्प बसवत नाही. मी रोज त्यांना खरं सांगायचो. आबा, मेंढरं नाहीत, विकली. कोणी विकली, ते विचारायचे. तुम्हीच विकली, मी सांगायचो. मग त्यांचा चेहरा असा पडायचा की जणू ही बातमी ते आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतायत, आणि ते पोरक्या लेकरासारखे रडायचे. रडून झालं की विसरायचे, आणि पुन्हा एक कमी. मला वाटायचं, नीट समजावलं तर कधीतरी डोक्यात बसेल. चार संध्याकाळी मी त्यांचा कळप चार वेळा विकला. हे आज लिहितानाही लाज वाटते.

चौथ्या दिवशी त्यांनी खरंच पाय खाली टाकला. कमलनं धावत येऊन धरलं म्हणून वाचले. त्यानंतर मी तिच्या जुन्या मऊ लुगड्याची पट्टी फाडली आणि आबांच्या कमरेवरून घेऊन खाटेला बांधली. गाठ मारताना त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं आणि अगदी साधेपणानं विचारलं, "माझं काय चुकलं?" मी देवघरात जाऊन बसलो. माळ हातात घेतली, पण ती पुढं सरकेना. परक्या दारात तरी याहून वेगळं काय झालं असतं? मी घटापुढं डोकं टेकून म्हणालो, देवा, एखादं शिकलेलं माणूस धाड, ज्याला यातलं कळतं. माझ्या हातून होत नाही. इतक्या वर्षांत देवापुढं हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारनंतर घंट्या ऐकू आल्या. आधी मला भास वाटला. मग दाराबाहेर धूळ दिसली, तिरप्या उन्हात ती भंडाऱ्यासारखी पिवळी झाली होती, आणि त्या पिवळ्यातून मेंढरं बाहेर येत होती. शेजारच्या मोकळ्या बाजरीच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला कोणीतरी कळप बोलावला होता. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि किती वेळ उभा होतो ते मला सांगता येणार नाही. लोकरीचा, धुळीचा, ओल्या दोरांचा तो वास मला माझ्या लहानपणातून ओळखीचा होता. मागं वळून पाहिलं तर आबांची बोटं चादरीवर थांबली होती.

कळपाबरोबरची एक बाई पाण्याची कळशी घेऊन आमच्या दारात आली. साठीची असेल, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खांद्यावर घोंगडी. कमल पाणी ओतत असताना तिची नजर आत खाटेकडं गेली आणि त्या पट्टीवर थांबली. आबांनी तिला पाहिलं.

"एक कमी हाय," ते म्हणाले.

मी नेहमीप्रमाणं तोंड उघडलं. तिनं माझ्याकडं न बघता नुसता हात वर केला आणि मी गप्प झालो. कंपनीत साहेबानंही मला इतक्या सहज गप्प केलेलं नाही. तिनं कळशी खाली ठेवली, आबांच्या पायाशी बसली आणि विचारलं, किती होती.

"सात इसा."

"बसा तुमी. मी मोजून येते."

ती गेली. दारातून समोरचं रान दिसत होतं. माणसं वाघरात मेंढरं घेत होती आणि ती तोंडाशी उभी राहून मोठ्यानं मोजत होती. एक एक इसा पुरा झाला की तिचा आवाज जरा चढायचा. आबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मला वाटलं, मी सात-आठ वर्षांचा आहे, आई चुलीपाशी आहे आणि आबा बाहेर मोजतायत. मग ती परत आली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भरली, आबा. एक बी कमी न्हाई."

आबांनी हात कपाळाला लावला. मग डोकं उशीवर टेकलं आणि इतका मोठा श्वास सोडला की कमल रडायलाच लागली. ती मेंढरं आमची नव्हती, त्यांची संख्याही बहुधा जुळत नव्हती. सगळं चूक होतं, आणि लाल खूण कुठं करावी ते मला कळेना. ती बाई कळशी उचलता उचलता मला म्हणाली, "दादा, म्हातारं मेंढरं न्हाई मागत. त्याला निजायचंय. मोजणी झाल्याबिगर कसं निजंल?" आणि पट्टीकडं बोट दाखवून, "ते सोडा आता." मी गाठ सोडली.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून कमल एक ताट झाकून त्या बाईसाठी घेऊन गेली आणि तसंच ताट घेऊन परत आली. रान मोकळं होतं. नुसत्या लेंड्या आणि खुरांचे ठसे. कळप उजाडताच हलला होता. कुठं गेला, ते शेजाऱ्यालाही नक्की ठाऊक नव्हतं. दुपारी अक्का आली, बाहेर गाडी थांबवून, पर्समध्ये अर्ज घेऊन. तिला मी काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. ती आबांशी बोलत बसली. आबांनी तिला दोनदा आईच्या नावानं हाक मारली.

बाभळीची सावली उंबऱ्याला टेकली. आबांची बोटं हलू लागली. एक कमी हाय, ते म्हणाले. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी उठलो, अंगणातून चालत त्या रिकाम्या रानात गेलो आणि वाघर जिथं होतं तिथं उभा राहिलो. समोर काहीही नव्हतं. मी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. पहिल्या इशाला आवाज चिरकला. दुसऱ्याला बरा लागला. पुढं पुढं मला घंट्या ऐकू येत होत्या असं मी म्हणणार नाही, पण त्या ऐकू येत नाहीत याची आठवणही राहिली नाही. सात इसा पुरे करून मी घरात आलो.

"भरली, आबा."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं.

"तू मोजलीस?"

"मी मोजली."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि डोळे मिटले. अक्का उठून बाहेर गेली. थोड्या वेळानं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. बघतो तर गाडी रिकामीच परत चालली होती आणि अक्का अंगणात बसून त्या अर्जाचे तुकडे करत होती. ती पंधरा दिवस राहिली. तोवर मी कंपनीत कायमची पहिली पाळी मागून घेतली, म्हणजे संध्याकाळी घरी असेन. गावातली दुसरी एक बाई दुपारपुरती मिळाली, तिला मी आधी मोजायला शिकवलं.

कमल अजून म्हणते, ती खंडोबाची धनगरीण, बाणाईच आली होती. मी वाद घालत नाही. पाणी न्यायला आलेली ती मेंढपाळ बाई होती एवढं मी पाहिलं. मी शिकलेलं माणूस मागितलं होतं, ते मिळालं, एवढंच मला माहीत आहे.

आबा पुढं दोन वर्षं होते, आपल्या दारात, आपल्या खाटेवर. पट्टी पुन्हा लागली नाही. माझा जप चालू आहे, पण माळा मोजायचं सोडलं. त्यांना पोचवून आलो त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं, तरी सावली उंबऱ्याला टेकली तसे माझे पाय रानाकडं वळले. सवयच ती. मी उभा राहून सात इसा मोजली. त्या दिवशी खरंच एक कमी होतं. मी परत आलो, रिकाम्या खाटेपाशी बसलो आणि म्हणालो, भरली, आबा. निजा आता.