गुणपालबाबांच्या तळ्याकाठी दोन महिने

मी फिजिओथेरपिस्ट. नागपूरच्या एका दवाखान्यात दहा वर्षं लोकांचे हात, पाय, खांदे हलवते आहे. दहा मिनिटं झाली की पुढचा पेशंट. मागच्या वर्षी श्रीलंकेतल्या एका खेड्यात दोन महिन्यांसाठी स्वयंसेवक हवेत असं कळलं आणि मी बिनपगारी रजा टाकली.

"इथं पेशंट कमी आहेत का वं? तिकडे काहून चालली?" आईनं विचारलं. मला एका माणसापाशी घाई न करता बसायचं होतं, एवढंच.

तुम्हालाही जायचं असेल तर व्हिसाचा प्रकार आधी विचारून घ्या. अशा कामाला साधा पर्यटक व्हिसा चालेलच असं नाही. मी नागपूरहून चेन्नईला रेल्वेनं गेले, तिथून कोलंबोला विमानानं. पुढे अनुराधापुरापर्यंत साधी बस, पाच-सहा तासांची, अगदी स्वस्त. पुढची सीट भिक्खूंसाठी राखीव असते हे मला ठाऊक नव्हतं. मी ऐटीत तिथंच बसले आणि कंडक्टरनं हसत हसत मागे पाठवलं. शेवटचा कच्चा रस्ता रिक्षानं.

आणि मग तळं. एवढं मोठं, की पलीकडचा काठ धुक्यात विरघळलेला. पाण्यावर कमळाची पानं, त्यांच्यावरून पाय न भिजवता चालणारे पक्षी. बांधाखालच्या एका घरात माझी राहायची सोय होती. घरात तिघं: कुसुमा अम्मा, त्यांचे नवरे गुणपालबाबा आणि मुलगी निल्मिनी. निल्मिनीनं कुवेतमध्ये एका भारतीय कुटुंबात काम केलेलं, त्यामुळे तिला हिंदी येई. आमचा पूल तीच.

पहिल्या संध्याकाळी अम्मा दिव्यापुढे बसून पाली म्हणू लागल्या. आमच्या घरी आजोबांनी दीक्षा घेतल्यापासून तेच त्रिशरण म्हणतात. मी पुढची ओळ म्हटली. चाल वेगळी, शब्द तेच. अम्मांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून मी त्यांची 'दुवा', म्हणजे लेक झाले.

दिवस संथ जात. सकाळी लाल तांदळाचा भात, खोबऱ्याची तिखटजाळ चटणी, कधी कमळाच्या देठांची भाजी. मग गावच्या आरोग्यकेंद्रात काम. संध्याकाळी बायकांबरोबर तळ्यात अंघोळ. अंधार पडायच्या आत घरी, कारण रानातले हत्ती पाण्यावर येतात. अंथरुणात पडल्यावर त्यांनी पाणी उडवल्याचा आवाज येई, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे कळत नसे.

गुणपालबाबा जन्मभर या तळ्यात मासेमारी करत आले होते. वर्षापूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू लुळी पडली. आता ते ओसरीत बसून पाण्याकडे बघत. मी व्यायामाचा तक्ता भिंतीवर लावला. "एपा," ते म्हणत. नको. दोन आठवडे रोज एपा.

शेवटी निल्मिनीनं त्यांना कारण विचारलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा पूछता है, हाथ ऊपर करके क्या करूँ? मछली ऊपर रहती है क्या?"

मी तक्ता काढून टाकला. त्यांचं फाटकं जाळं मांडीवर पसरलं. उजव्या हाताखाली जाळं दाबून धरायचं, डाव्यानं गाठी मारायच्या. ते तासन्‌तास बसू लागले. मग काठी घेऊन अंगण, मग फाटक.

एका सकाळी ओसरी रिकामी दिसली. मी बांधाकडे धावले. बाबा पाण्याच्या कडेला चिखलात पडले होते, गुडघा फुटलेला. आम्ही तिघींनी त्यांना घरी आणलं. अम्मा गुडघा धुता धुता निल्मिनीशीच काहीतरी बोलल्या. निल्मिनीनं चाचरत सांगितलं, "अम्मा बोलती है, तुम चला जाएगा. बाबा गिरेगा तो उठाएगा कौन?"

त्यांचं खरं होतं. दोन दिवस त्या ताट समोर ठेवून निघून जात. मी बॅग भरायला घेतली.

तिसऱ्या दिवशी उजाडताना अम्मांनी दारात हाक मारली, "दुवा." एका हातानं त्यांनी बाबांचा दंड धरला होता, दुसऱ्या हातात वल्हं. या बाईनं तोवर होडीत पाय ठेवला नव्हता. आम्ही बाबांना होडीत बसवलं. वल्हं अम्मांनी घेतलं. होडी आधी गोल गोल फिरली. बाबा "हेमिन, हेमिन" म्हणत राहिले, सावकाश, सावकाश. मग ती कमळांतून वाट काढत धुक्यात शिरली. दिसेनाशी झाली तरी दोघांचं बोलणं पाण्यावरून ऐकू येत होतं. तासाभरानं तीन बोटभर मासे घेऊन परतली.

बाबांची उजवी मूठ मी असेपर्यंत पुरती उघडली नाही. मी निघाले तेव्हा दोघं तळ्यातच होती. तिथूनच अम्मांनी वल्हं उंचावलं.

आता नागपूर. तोच दवाखाना, तीच दहा मिनिटं. घाई संपली असं म्हणणार नाही. परवा सावनेरच्या एक काकू आल्या, हात लुळा पडलेला. हात वर करा म्हणायच्या आधी मी विचारलं, "काकू, बरं वाटलं की पहिले काय कराचं आहे?"

त्यांनी लुळा हात दुसऱ्या हातानं मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "नातीची वेणी घालाची आहे मले. सुनेच्या हातची ढिली होते."

मी बँडेजच्या तीन पट्ट्या कापल्या आणि खुर्चीच्या पाठीला बांधल्या. बाहेर रांग वाढत होती. काकूंनी पेड धरला, तो सुटला. त्यांनी पुन्हा धरला.