पडद्यावरचं कुंकू

कुंकवाच्या ओल्या बोटाला हळदीचा मंद वास येतो. त्या बोटाखाली ऊबदार कपाळाऐवजी गार काच लागली. दसऱ्याची सकाळ होती. लेकीच्या संगणकात माझी कारभारीण उभी होती, आमच्या खानावळीच्या चुलीपुढं, घामेजलेली, हातात लाटणं धरून. सवाष्ण गेलेल्या बाईच्या फोटोला सणाला कुंकू लावतात, ते मी लावलं. थोडं नाकावर सांडलं म्हणून बोटानं बाजूला पुसायला गेलो, तर बोटामागोमाग तीही पडद्यावरून निघून गेली!

तिचा हा एकच फोटो. लग्नातला होता, तो औशाकडच्या गावी भूकंपात भिंतीखाली गेला. पुढं लातुरात येऊन क्लासच्या पोरापोरींना जेवू घालायचं काम धरलं, तेव्हा फोटोचं नाव काढलं की ती खेकसायची, "पोरं उपाशी हायत, अन् तुम्हाला नटणं सुचतंय व्हय?"

"शुभे, धाव! तुझी माय पुसली गं माझ्या हातानं!"

लेक आली, पण घाबरली नाही. "आबा, रडू नका. खाली काय लिवलंय ते वाचा." अक्षरं जुळवत वाचलं : 'फोटो काढून टाकला. परत आणा.' दाबलं. आणि आली की हो ती, घामासकट, लाटण्यासकट!

मी थक्क झालो. धरणीनं जे एकदा पोटात घेतलं, ते परत मागायची सोय कुठं होती? आणि इथं मात्र देशोदेशीची माणसं फुकट वाटायची संगणक-प्रणाली घडवतात, आणि कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्याचं थरथरतं बोट चुकेल, ही काळजी आधीच वाहतात! बटण कुठं असावं, त्यावर कोणते शब्द असावेत, याचे नियम लिहिणाऱ्यांत माझी शुभा आहे. मी तिसरी शिकलेला. नियम म्हणजे दंडुका, एवढंच मला ठाऊक. नियमातही करुणा वसते, हे त्या दिवशी उमगलं.

शुभानं मात्र खुर्ची ओढून विचारलं, "आबा, नेमकं काय करत होता तुम्ही?"

"नाकावर कुंकू घेऊन बसू देऊ काय तिला? चिडली असती."

ती हसली, डोळे पुसले आणि लिहायला बसली. मग मला वाचून दाखवलं : फोटोवर बोट फिरवलं म्हणजे तो टाकून द्यायचा आहे, असं धरू नये, माणूस मायेनंही हात फिरवतो. तिच्या दूरदेशीच्या सोबत्यांनी त्यावर पुष्कळ वाद घातला म्हणे, आणि अखेर मानलं.

आता मी तिच्या चेहऱ्यावरून खुशाल हात फिरवतो. ती जागची हलत नाही.