साक्षीला तावेस

तुकिनेम बांधावर बसून मेलेले मासे ओळीने मांडत होती. भाताच्या खाचरात वाढवलेले तिचे चंदेरी तावेस त्या सकाळी उलटे होऊन तरंगत होते. डोळ्यांत टिपूस नव्हतं. नजर मात्र वरच्या शेताकडे लागलेली. तिथे आदल्या दिवशी सार्जोने कीटकनाशक फवारलं होतं. वडीलधारा म्हणून गाव त्याला मानाने 'पाक' सार्जो म्हणे.

"माझ्या शेतातलं पाणी आधी माझ्याच तळ्यात पडतं, मग खाली तुझ्याकडे येतं," सार्जो हसला. "माझे मागूर बघ कसे मस्तवाल आहेत! विष असतं तर जगले असते? तुझ्याच हाताचा गुण ग!"

मागूर जगला म्हणजे पाणी चांगलं, असंच गाव आजवर मानत आलं होतं. त्यामुळे तुकिनेम खोटी ठरली. नवी पिल्लं सोडायची तर हे पाणी थांबायला हवं होतं, पण ऐकतो कोण?

पुढच्या फवारणीला तिने सार्जोच्या तळ्याचं खाली सुटणारं तोंड चिखलाने बुजवलं. 'तुझं विष तुझ्याच पोटात राहू दे!'

सकाळी ती मोठ्या आशेने बघायला गेली. मागूर ठणठणीत! वर येऊन हवा गिळत होते. तिचं तोंड कडू झालं. तेवढ्यात काठाशी लक्ष गेलं. पाटातून वाहत आलेले बारके तावेस तिथे मरून पडले होते.

तिने तेच पाणी दोन बादल्यांत भरलं आणि गावाला पाणी वाटून देणारा पाटकरी, पाक विरो, याच्या ओसरीवर आणून ठेवलं. एकीत मागूर सोडला, दुसरीत पाटातून पकडलेला जिवंत तावेस. चहाचा दुसरा पेला संपेपर्यंत तावेस कलंडला.

"तावेस नाजूकच ग," ओसरीवर जमलेल्या लोकांतून सार्जो पुटपुटला.

"पाक, जी मिरची तुम्ही कचाकचा चावता, तिनंच तुमच्या नातवाच्या डोळ्यांत पाणी येतं. म्हणून काय मिरची तिखट नाही? मागूर वरची हवा पितो, विषही पचवतो. माझ्या तावेसला पाण्यातच श्वास घ्यायचा. तुम्ही साक्षीदारच चुकीचा आणलात!"

ओसरी हसली. सार्जोचे कान लाल झाले. ते लाल कान तिने डोळे भरून पाहिले.

विरोने तिथेच तुकिनेमच्या बाजूने निकाल दिला. सार्जोने नंतर माफीही मागितली. तुकिनेमने त्याला चहा दिला, माफी नाही.

आता सार्जोच्या तळ्याच्या तोंडाशी बांबूच्या पिंजऱ्यात दोन तावेस असतात. ते जिवंत असले तरच पाणी खाली सुटतं. रोज सकाळी ते तपासायला तुकिनेम स्वतः जाते.