पीएचडीच्या मुलाखतीला नेलेली उत्तरं

मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करायची असं मी ठरवलं, तेव्हा मला वाटत होतं की बिझनेस स्कूलवाले माझीच वाट पाहत बसले असतील. नागपूरजवळच्या एका कारखान्यात मी बारा वर्षं एचआर सांभाळत होते. माणसांना कामाचा हुरूप कसा येतो, यावर व्याख्यानं द्यायची. टाळ्या जोरात पडायच्या. टाळ्या वाजवणाऱ्यांची हजेरी आणि रजा माझ्याच हातात आहेत, याचा आणि टाळ्यांचा काही संबंध असेल असं कधी मनात आलं नाही.

अर्जासोबत, संशोधन का करायचंय, हे लिहून द्यायचं होतं. मी चार पानं लिहिली. त्यात पुरस्कार होते, ट्रेनिंगं होती, कोणाकोणाच्या हस्ते सत्कार झाला तेही होतं. नवरा कोराडीच्या वीज केंद्रातून शिफ्ट संपवून आला होता. चहा पिता पिता त्यानं ती पानं वाचली.

"अवं, हे तर स्थळाच्या बायोडाटावानी वाटून राहिलं," तो म्हणाला. "फक्त उंची अन् रंग लिहायचा राहिला."

"मग काय लिहू?"

"मले काय माहीत? पण तुले शोधायचं काय आहे, ते कुठंच दिसून नाही राहिलं."

मॅनेजमेंटमधलं तुला कळत नाही, असं त्याला सांगून मी पाचवं पान लिहायला घेतलं. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतला पहिला नंबर लिहायचा राहून गेला होता. शिफारसपत्र आमच्या मोठ्या साहेबांनी दिलं. माझ्यासारखी पिकनिक आजवर कोणी काढली नाही, असं त्यात होतं. ते वाचून मला भरून आलं.

नवल म्हणजे मुलाखतीचं बोलावणं आलं. दुसऱ्या शहरातली मोठी संस्था, समोर तीन प्राध्यापक. बोलणं इंग्रजीत झालं, त्यामुळे माझी फजिती थोडी जास्त ऐटदार झाली. पहिल्याच सरांनी विचारलं, "तुमचा प्रश्न काय आहे?"

"काही नाही सर," मी हसून म्हणाले. "सगळं छान चाललंय."

संशोधनाचा प्रश्न, असं त्यांनी सौम्यपणे सांगितलं. मी म्हणाले, "कर्मचाऱ्यांचा हुरूप." तो विषय झाला, प्रश्न नव्हे, असं ते म्हणाले. मग मी माझ्या योजनांबद्दल बोलू लागले. दर महिन्याच्या उत्तम कर्मचाऱ्याचा फोटो गेटजवळ लावायचा, ही माझी सगळ्यात लाडकी योजना.

कडेला बसलेल्या मॅडम मध्येच म्हणाल्या, "ती कोणाला आवडली नाही, असं कधी झालं?"

मी गंमत म्हणून एक किस्सा सांगितला. आमच्या अकाउंट्समध्ये रामटेकहून येणारे एक गृहस्थ होते. ते एकदा माझ्याकडे येऊन म्हणाले होते, "मॅडम, माझा फोटो काढून टाका ना. तो लागल्यापासून मले कोणी चहाले बोलवत नाही."

तिघंही पहिल्यांदाच सावरून बसले. "मग तुम्ही काय केलंत?"

"त्यांचा फोटो मोठ्या फ्रेममध्ये लावला."

मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "आणि त्यांना चहाला का बोलवत नव्हते?"

मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. तरीही मी तीन कारणं सांगितली, आणि तीही ठासून.

नकाराचा मेल दोन ओळींचा होता. मी आठवडाभर त्या संस्थेला नावं ठेवली. शेवटी नवरा कंटाळून म्हणाला, "त्या फोटोवाल्या माणसाले विचारलं का तू?"

विचारलं. ते गृहस्थ अवघडून म्हणाले, "लोकाइले वाटते, मी तुमच्यापाशी चुगल्या करतो म्हणून फोटो लागला."

"पण तुम्ही तर मला कधीच काही सांगत नाही!"

"तेच तर मी सांगून राहिलो त्याइले. पण फोटो दिसते ना, मॅडम."

मग मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसू लागले. पहिल्या दिवशी माझ्या आजूबाजूची दोन टेबलं रिकामी झाली. हळूहळू लोक बोलते झाले. ओळखीनं दुसऱ्या एका कारखान्यात पाहायला गेले, तर तिथे असाच फोटो लागला की माणूस सगळ्यांना पेढे वाटायचा. म्हणजे माझी योजना वाईटच आहे, हे नवं उत्तरही टिकेना. तेच कौतुक एका जागी माणसाला उचलून धरतं आणि दुसऱ्या जागी एकटं पाडतं, ते का? बारा वर्षांत पहिल्यांदाच मला असं काही सापडलं होतं, ज्यावर मला व्याख्यान देता येत नव्हतं.

संख्याशास्त्राचा ऑनलाइन कोर्सही केला. पहिल्या परीक्षेत नापास झाले आणि सर्व्हर बंद होता असं घरी सांगितलं. माझ्या जुन्या कॉलेजातल्या एका प्राध्यापक बाईंनी दोन्ही कारखान्यांतली माझी पाहणी तपासली आणि शिफारसही त्यांनीच लिहिली: ही बऱ्याचदा चुकते, पण दाखवून दिलं की मान्य करते. पिकनिकच्या पत्रापुढे मला ते फारच फिकं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी त्याच मॅडम समोर होत्या. या वेळी अर्ज एका पानाचा होता. त्यांनी विचारलं, "पाच वर्षं घालवून शेवटी कळलं, की फोटोनं काहीच फरक पडत नाही, तर?"

"थोडी रडेन," मी म्हणाले. "पण तसंच लिहीन."

प्रवेश मिळाला. आता मी वर्गातली सगळ्यात वयस्क विद्यार्थिनी आहे. पहिल्याच चर्चेत मी एक वाक्य ठोकून दिलं, तेव्हा माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलीनं शांतपणे विचारलं, "हे कशावरून?" नेहमीची तीन कारणं मी गिळली. पाहून सांगते, असं म्हणाले.

संध्याकाळी घरून नवऱ्याचा फोन आला. "कसा गेला दिवस?"

"आज मला कशाचंच उत्तर आलं नाही."

"मग रडून राहिली का तू?"

"नाही रे. बरं वाटतंय."

"बरं मग ठेव," तो म्हणाला. "माझं वरण उतू जाऊन राहिलं."