पडद्याआडची दाद

माझं माहेर नृसिंहवाडीचं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तिथल्या शाळेत मास्तर होते. दत्तापुढे सेवा म्हणून गाणारे गवई वाडीला बरेच येत. गाणं असलं की अण्णा मला शेजारी घेऊन बसत. मला कुणी गाणं शिकवलं नाही, पण ऐकायचं कसं ते अण्णांच्या बाजूला बसून अंगात मुरलं. एखादी जागा मनासारखी आली की अण्णा डोळे मिटलेलेच ठेवून "भले" म्हणत. मीही म्हणे. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून ते ऐकून लोक हसत, गवईसुद्धा हसत. पुढे मी मोठी झाले, परकर जाऊन पातळ आलं, तरी ती सवय राहिली. अण्णांनी ती मोडायला हवी होती, असं नंतर सगळ्यांनी सांगितलं.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न झालं आणि मी कोल्हापूरला मंगळवार पेठेत आले. हे हायस्कुलात शिक्षक होते. स्थळ पाहून आल्यावर अण्णांनी आईला एवढंच सांगितलं होतं, "घरात तंबोरा आहे." बाकी चौकशी आईनेच केली.

तंबोरा होता आणि त्याच्याभोवती जमणारी मंडळीही होती. ह्यांच्या मित्रांत एक वकील होते. अंगाने भरलेले, बसले की अर्धी सतरंजी त्यांची. एक राधानगरीकडचे शेतकरी होते, ते येताना खवा घेऊन येत आणि मोठ्याने बोलत. आणि एक होते शिंपी. सिनेमाच्या स्टुडिओत कपडेपटासाठी शिवायचे, अंगाने किडकिडीत, आवाज मात्र चांगला भरदार. कुणी गाणारं गावात आलं की ही मंडळी त्याला गाठायची, आणि कुणीच आलं नाही तर एकमेकांची थट्टा करत बसायची. एकमेकांना गाणं समजत नाही, हे सिद्ध करण्यात त्यांची संध्याकाळ छान जायची.

दिवाळीच्या सुट्टीत पाडव्याला सकाळी आमच्याकडे गाणं ठेवायची त्यांची रीत होती. माझ्या पहिल्या दिवाळसणाच्या वर्षी एक वृद्ध बुवा येणार होते. सणाला माहेरी जायचं ते मी भाऊबीजेवर ढकललं. बुवांचं नाव अण्णांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलं होतं, पण गाणं ऐकलेलं नव्हतं.

सकाळी ह्यांना ओवाळलं, फराळाची ताटं झाली, आणि बैठकीच्या खोलीत गाणं सुरू झालं. आम्हां बायकांची जागा माजघरात. मध्ये दाराला पडदा. पडद्याच्या त्या बाजूला, भिंतीला टेकून शिंपीभावजी बसले होते, या बाजूला मी पुऱ्या लाटत होते आणि सासूबाई तळत होत्या. रस्त्याकडचं दार उघडं होतं, पायऱ्यांवरही पेठेतली माणसं ऐकत बसली होती.

बुवा तोडी गात होते. म्हातारपणाने आवाज फाटला होता. पण त्या फाटलेल्या आवाजात ते गंधारावर असे थांबत, की लाटणं माझ्या हातात तसंच राहायचं. सासूबाई म्हणाल्या, "हात चालू दे गं, तेल तापलंय." मी हात चालवला. मग बुवा वर वर चढत गेले. आता षड्ज लागणार, आता लागणार, असं वाटत असताना ते खालच्याच निषादावर रेंगाळले, तिथून माघारी फिरले आणि समेला जागाच उरली नाही असं वाटावं तेव्हा अलगद समेवर येऊन बसले.

"भले."

ते माझ्या तोंडून गेलं. हळू नाही, वाडीला जसं म्हणायची तसं, मोकळं. बैठकीतल्या कुणी तोंड उघडण्याच्या आधी.

तबला चालू होता, पण बाकी सगळं थांबल्यासारखं झालं. सासूबाईंच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. सासरे दोनदा खाकरले. आणि राधानगरीकरांचा आवाज आला, "आतनं कोण बोललं म्हणायचं?"

कान तापले, डोळ्यांपुढे पोळपाट दिसेना. तेवढ्यात शिंपीभावजी म्हणाले, "आतनं न्हवं, मीच म्हणालो की."

"तू? असल्या आवाजात?"

"घसा बसलाय माझा. फटाक्याच्या धुरानं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बुवाही गाता गाता थांबले आणि म्हणाले, "तुमचा गळा तर आमच्यापेक्षा वरच्या पट्टीतला निघाला." मग सगळी बैठक हसली, पायऱ्यांवरची माणसं हसली, आणि गाणं पुढे सुरू झालं.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं. पण घसा बसलाय म्हटल्यावर तो लगेच सुटून कसा चालेल? पुढचा तास-दीड तास शिंपीभावजी बायकी आवाजात दाद देत राहिले. प्रत्येक चांगल्या जागेला त्यांचं बारीक, किनरं "भले" यायचं. वकिलांना काय झालं ते उमगलं असावं, कारण थोड्या वेळाने तेही तसंच बारीक आवाजात "वाहवा" म्हणायला लागले. त्या धिप्पाड माणसाच्या गळ्यातून तो आवाज निघाला की पायऱ्यांवर खसखस पिकायची. मला कळत होतं की ही माणसं माझ्यासाठी पांघरूण विणताहेत. पण दर वेळी तो आवाज आला की मला वाटायचं, आता जमिनीने पोटात घ्यावं. त्यानंतर बुवा काय गायले, त्यातलं मी काहीच ऐकलं नाही.

मंडळी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडेही बायका गातात. जात्यावर, पाळण्यापाशी. पण पुरुषांच्या बैठकीत ओरडत नाहीत." त्या तावातावाने बोलल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. त्या पुऱ्या टोपल्यात रचत शांतपणे बोलल्या. संध्याकाळी दिवे लावताना हे माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जरा सांभाळून हं." पणती लावण्याबद्दलही म्हणाले असतील. मी विचारलं नाही.

भाऊबीजेला भाऊ मला न्यायला आला. सासूबाईंनी त्याला सगळं माझ्यासमोर सांगितलं. तो माझ्याहून लहान, ताटातली करंजी तशीच ठेवून मान खाली घालून बसला. शेवटी सासूबाई म्हणाल्या की या वर्षी राहू दे, पुढं बघू. तो एकटाच परत गेला.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी अण्णा आले. कवठाच्या बर्फीचा पुडा घेऊन, सर्व्हिस मोटारीने, न कळवता. सुट्टी अजून संपली नव्हती, त्यामुळे बैठकीत सगळे मित्र जमलेले. अण्णा आत आले, पुडा सासूबाईंच्या पुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच हात जोडले.

"विहीणबाई, पोरीचा दोष नाही. मीच तिला वळण लावलं नाही. तिला पदरात घ्या."

माझे अण्णा अख्ख्या वाडीत कुणापुढे वाकत नसत. शाळा तपासायला येणाऱ्या साहेबालाही ते बसूनच नमस्कार करत. ते हात जोडून उभे होते आणि मी पडद्याआडून बघत होते. पाडव्याच्या सकाळी वाटली ती लाज वेगळी आणि ही वेगळी. ती अंगावर आली होती, ही पोटात गेली.

सासूबाईंनाही ते बघवलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो, बसा आधी. एवढं काही झालेलं नाही." मग ह्यांनी अण्णांना हाताला धरून सतरंजीवर बसवलं.

राधानगरीकरांना गप्प राहणं कधी जमलं नाही. ते म्हणाले, "मास्तर, खरं सांगा. त्या जागेला तुम्ही आसता तर काय केलं आसतं?"

अण्णा सतरंजीची दशी चाचपत बसले.

"साक्षीदार फितूर झालेला आहे," वकील म्हणाले, आणि सगळे हसले. अण्णाही हसले. पण डोळ्यांत पाणी दिसलं, तेव्हा शिंपीभावजींनी पटकन पेटी पुढे ओढली आणि वकिलांना गायचा आग्रह केला. वकिलांचं गाणं म्हणजे मंडळींची हक्काची करमणूक. ते गायले, मग ह्यांनी तंबोऱ्यावर थोडं म्हटलं, आणि ते खरंच बरं म्हटलं. अण्णा मांडी घालून, हात मांडीवर ठेवून ऐकत होते. एकदा त्यांचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. मी तेवढंच बघत होते.

निघताना ते मला भेटायला माजघरात आले. इकडंतिकडं बघून अगदी हळू विचारलं, "बुवा कसे गायले गं? ती जागा कशी घेतली? तुझ्या भावाने नुसतं तुझं सांगितलं, गाण्याचं त्याला काय माहीत!"

सासूबाई मागच्या दारी भांडी आवरत होत्या. मला ती जागा सूर न सूर पाठ होती. गुणगुणून दाखवायला क्षणभर लागला असता. मी म्हटलं, "आता आठवत नाही, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असं होय," म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

पुढल्या वर्षी दिवाळी आली तेव्हा मित्रांनी ठरवलं की पाडव्याचं गाणं शिंपीभावजींच्या घरी करायचं. कारण त्यांनी सांगितलं ते असं, की आमच्याकडे वकिलांना जागा पुरत नाही. शिंपीभावजींचं घर म्हणजे लांबट अशी एकच खोली, कडेला चूल आणि शिवणाचं यंत्र. तिथे आत आणि बाहेर असं काही नव्हतंच. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, सगळे एकाच गाण्यापुढे. ही त्यांची युक्ती आहे हे मला उशिरा कळलं. सासूबाईंनीही यायला नकार दिला नाही. उलट जरीकाठी नेसून सगळ्यांत पुढे बसल्या.

गाणं सुरू व्हायच्या आधी मी शिंपीभावजींच्या बायकोला कॉफीसाठी मदत करत होते. ती जायफळ उगाळत होती. बोलता बोलता म्हणाली, "वैनी, आज आमच्या ह्येंच्यावर ध्यान ठेवा. गेल्या साली तुमच्या घरात बायकी आवाजात वरडलं म्हणं. वरीसभर पेठंतली पोरं मागं लागल्याती. स्टुडिओतली मानसं बी आवाज काढून बोलवत्यात. मी तर लई बोल्ले त्येंला. गान्यात जाऊन असला चावटपना कशाला करायचा म्हटलं."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हन्त्यात? हासत्यात निस्तं."

मला यातलं काहीही माहीत नव्हतं. ह्यांनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मी आमच्या माजघरात वर्षभर स्वतःच्या लाजेला कुरवाळत बसले होते, आणि तिकडे रस्त्यावरून येता-जाता माझ्या वाटणीचं हसू हा माणूस झेलत होता. बायकोलाही त्याने खरं सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी, ते त्यांनी नव्हतं म्हटलं. मी म्हटलं होतं. मला झाकायला त्यांनी स्वतःवर घेतलं."

तिचा हात सहाणेवर थांबला. मग पदर तोंडात धरून हसायला लागली, आणि हसता हसताच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मग वरीसभर मी त्येंला उगंच बोल्ले की," ती म्हणाली. आणि तिथूनच हाक मारली, "अवो, हिकडं या जरा."

शिंपीभावजी तबल्याजवळून उठून आले. आम्हां दोघींकडे बघून त्यांना काय ते समजलं असावं. बायकोने विचारलं, "मला का सांगितलं न्हाईसा?"

ते मान खाजवत म्हणाले, "तुला सांगितलं आसतं तर पानवठ्यावर गेलं आसतं."

"व्हय, गेलं आसतं," ती म्हणाली.

मला त्यांचे आभार मानायचे होते. मान खाली घालून म्हटलं, "भावजी, तुम्हांला फार त्रास झाला." ते एवढे संकोचले की चुलीशी ठेवलेल्या कपांना पाय लागला आणि दोन कप आडवे झाले. बायकोने ते उचलले. "गानं सुरू हुतंय," असं काहीतरी पुटपुटत ते जागेवर जाऊन बसले.

तिने पहिला कप भरला, वर जायफळ जरा जास्तच घातलं आणि माझ्या हातात देऊन म्हणाली, "ह्यो त्येंला नेऊन द्या. तुमीच द्या."

मी कप घेऊन पुरुषांच्या बाजूला गेले. सगळे बघत होते, सासूबाईही बघत होत्या. वकिलांना वळसा घालताना थोडी कॉफी बशीत सांडली. शिंपीभावजींनी वर न बघता कप घेतला, बशीतली सांडलेली कॉफी आधी प्यायले, आणि वकिलांना म्हणाले, "सरका की जरा, वैनीस्नी जायला वाट द्या."