विंगेतून पाहिलेलं भांडण

आमच्या बहारीनच्या मराठी मंडळींनी यंदा एक छोटं नाटक बसवलं, जुन्या हॉलिवूडच्या प्रेमविनोदी सिनेमांच्या धर्तीवर. नायक सुटाबुटात, नायिका फटकळ, आणि दोघं सुरुवातीपासून कचाकचा भांडतायत. नायक माझा नवरा. नायिका शहराच्या हूरा भागात राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक बाई. आणि मी? प्रॉम्प्टर! माझी कुजबुज स्टेजच्या मध्यापर्यंत पोचते म्हणे.

तालमीआधी दिग्दर्शकांनी सगळ्यांना तसले दोन-तीन कृष्णधवल सिनेमे दाखवले. म्हणाले, "बघा, मिठी नाही, गाणं नाही. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. केमिस्ट्री म्हणतात ती हीच." नवऱ्याने हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. झिंज भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षांत ज्याने एकदाही आवाज चढवला नाही, तो तिच्यावर असा तुटून पडायचा! ती फणकारली की मेल्याचे डोळे काय चमकायचे! माझा नुसता जळफळाट. वहीत डोकं घालून मी ओळींवर बोट फिरवत बसायचे.

संशय नव्हता हो. ती सरळ बाई आहे. तालीम संपली की "खलास, निघाले" असा स्वतःच्या नवऱ्याला फोन करून पळायची. संशय असता तर भांडायला निमित्त तरी मिळालं असतं. मला हेवा वाटत होता तो त्या भांडणाचाच.

शुक्रवारी दुपारी प्रयोग झाला. दुसऱ्या प्रवेशात नवरा अडकला. त्याने विंगेकडे पाहिलं. वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. म्हटलं, बघू या आता तुमची केमिस्ट्री! तो घामाघूम झाला. तेवढ्यात तिने पदरचं वाक्य फेकलं, "का हो, जीभ इस्त्रीला टाकलीत?" हॉलमध्ये हशा उसळला. त्यानेही काहीतरी ठोकून दिलं आणि टाळ्याच टाळ्या. माझी चांगली जिरली. पुढची सगळी वाक्यं मी निमूटपणे पुरवली.

घरी येताना गाडीत तो म्हणाला, "मुद्दाम गप्प बसलीस ना?"

"हो, मुद्दाम!" मी भडकलेच. "तिच्याशी भांडताना कसा खुलतोस रे! माझ्याशी भांडलास कधी? काहीही विचारलं की 'तू म्हणशील तसं'. मी काय तुझं हेड ऑफिस आहे?"

सिग्नल लाल होता. त्याने गाडी थांबवली. हात स्टिअरिंगवर.

"तिच्याशी भांडून मी घरी येतो," तो म्हणाला. "तुझ्याशी भांडलो तर कुठं जाऊ?"