मऊ चुंबळ

जव्हारच्या स्टँडवर पोशेरा गावाला जाणाऱ्या जीपमध्ये चढलो तेव्हा माझ्या मांडीवर सिलिकॉन सॉफ्टनरचा कॅन होता. भिवंडीच्या कारखान्यांना कापड मऊ करायची रसायनं विकणं हा माझा धंदा. सुट्टीवर निघालो तरी नमुना बरोबर. पहिल्याच घाटात झाकण गळलं आणि रेक्झिनची सीट अशी निसरडी झाली की प्रत्येक वळणाला सगळा बाक माझ्या अंगावर. “काय सांडवलंस, तूप?” शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं. मी अभिमानानं सॉफ्टनरची माहिती दिली. तो उठला आणि पुढची सगळी वाट मागच्या पायरीवर दांडा धरून उभाच राहिला.

कारखान्यातला माझा दोस्त काशिनाथ, त्याच्या बहिणीचा दुसऱ्या दिवशी साखरपुडा. दुपारी त्याच्या घरी पोचून नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली. या पाहुणचाराची परतफेड करायला मी जागा शोधू लागलो, तर खुंटीवर त्याच्या आईची चुंबळ दिसली. डोक्यावर हंड्याखाली ठेवायचं, जुन्या लुगड्याचं पिळलेलं कडं. हात लावला तर काथ्या. बिचाऱ्या मावशी! गुपचूप बादलीत सॉफ्टनर कालवला, चुंबळ बुडवली, उन्हात कडक वाळवली. रेशीम झाली.

सकाळी कौतुक ऐकायला मावशींबरोबर डवऱ्यावर (नदीच्या कोरड्या पात्रात खणलेला पाण्याचा खड्डा) गेलो. दुपारी वरपक्ष येणार, आणि इथे पाहुण्याच्या हातात आधी पाणी द्यायचं, मग बोलायचं. मावशींनी वाटीवाटीनं हंडा भरला, डोक्यावर घेतला, काठ चढू लागल्या. चौथ्या पावलाला चुंबळ सुळकन निसटली. मावशी झटकन बाजूला झाल्या, हंडा गडगडत खाली आला. पाणी वाळूनं पिऊन टाकलं.

त्यांनी चुंबळ उचलून बोटांनी चोळली. “पाव्हणं, हिला काय लावलंत?”

“औषध, मावशी. मऊ व्हावी म्हणून.”

“मऊच पायजे तर डोक्यावर कोंबडी बसवली असती. हिनं हंडा धराया पायजे.”

डवऱ्याच्या तळाशी ओंजळभर पाणी उरलं होतं. मावशींनी वाटी माझ्या हातात दिली. “बसा. झिरपंल तसं भरा.”

सूर्य डोक्याकडे सरकत होता आणि मी वाटीवाटी भरत होतो. हंडा भरताच मावशींनी काठावरची वाळकी वेल ओढून पिळली, खरखरीत कडं केलं आणि हंड्यासकट माझ्या डोक्यावर चढवलं. टाळू सोलून निघाली, पण कडं तसूभर हललं नाही. माझ्या मानेबद्दल तसं म्हणता येणार नाही. अंगणात पोचलो तेव्हा वरपक्ष जीपमधून उतरत होता, हंड्यात अर्धं पाणी होतं आणि उरलेलं माझ्या शर्टावर. नवऱ्या मुलाच्या बापानं तांब्या तोंडाला लावला. “गार हाय,” तो म्हणाला, आणि बोलणी सुरू झाली.

निघताना मावशींनी ती रेशमी चुंबळ माझ्या पिशवीत टाकली. “घेऊन जा. तुमच्या डोक्यावर काय वजन नाय, चालंल.”

आता कुणी कापड मऊ करून मागितलं, की मी आधी विचारतो, हे दिवसभर करतं काय? चुंबळ टेबलावर आहे. तिच्यावर पेन ठेवला, तर अजून घसरतो.